मिरासदार की उपरी? ‘घर’ या शब्दाची आपली कुळकथा



वकिलीच्या धंद्यात कागद पाहण्याची सवय जडते. माणसाआधी त्याचा कागद बोलू लागतो. गेल्या पावसाळ्यात सीमाभागातल्या एका खेड्यातील वृद्ध गृहस्थ वाटणीच्या कामासाठी आमच्या कचेरीत आले. कापडी पिशवीतून त्यांनी तीन कागद काढून टेबलावर ठेवले. पहिला शके १८१२ मधील खरेदीखताचा, मोडी लिपीत, कडा झिजलेला. दुसरा १९३८ सालचे वाटणीपत्र, बालबोध मराठीत. तिसरा ग्रामपंचायतीचा आजचा उतारा, कानडीत. तिन्ही कागद एकाच घराचे. चतुःसीमा तीच: पूर्वेस गावरस्ता, पश्चिमेस परसू, उत्तरेस भाऊबंदांचे घर, दक्षिणेस देवळाची भिंत. घर हातभरही हलले नव्हते, आणि तरीही पहिला कागद त्यांना वाचता येत नव्हता, तिसरा त्यांना कळत नव्हता. म्हातारबाबा म्हणाले, “वकीलसाहेब, घर हितंच हाय, आम्ही बी हितंच हाव. मग बदललं काय, ते तेवढं सांगा.”

‘घर कोणाचे’ या प्रश्नाला कायद्यात उत्तर असते. तेवढे आम्ही त्यांना दिले. परंतु त्यांचा प्रश्न ‘घर कोणाचे’ असा नव्हता. ‘घर कुठले’ आणि ‘आम्ही कुठले’ असा तो होता. त्याचे उत्तर दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात सापडत नाही. ते इतिहासात, वाङ्मयात आणि आपल्या भाषेच्या शब्दांत शोधावे लागते. आजच्या लेखात तोच शोध घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शब्दांची साक्ष

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘घर’ हा शब्द संस्कृत ‘गृह’पासून प्राकृतातून आला, हे सर्वमान्य आहे. ‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ यापासून. म्हणजे मराठी स्त्रीच्या जिव्हाळ्याचा जो शब्द, तो बापाच्या नावाने नव्हे, आईच्या नावाने घडला. संतांनी पंढरीला माहेर म्हटले, तेव्हा घर म्हणजे चार भिंती नव्हेत, जिथे आपल्याला ओळख सांगावी लागत नाही ते ठिकाण, ही व्याख्याच त्यांनी केली असे आम्हांस वाटते.

‘वतन’ या शब्दाचा प्रवास आणखी बोलका आहे. अरबीत वतन म्हणजे जन्मभूमी, स्वदेश. मराठीत हा शब्द आला आणि त्याचा अर्थ झाला वंशपरंपरेने चालणारा अधिकार: पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी. जन्मभूमीचा शब्द हक्काचा शब्द झाला. ‘मिरास’ हाही अरबीच. त्याचा मूळ अर्थ वारसा. आपल्या पूर्वजांनी ‘मी इथला आहे’ हे सांगण्यासाठी भावनेचा नव्हे, हक्काचा शब्द वापरला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गावाच्या हद्दीला आपण ‘शीव’ म्हणतो. तो शब्द ‘सीमा’ याचेच रूप. त्या शिवेच्या आतले ते ‘शिवार’. म्हणजे सीमा हा शब्द मराठी माणसाला दिल्लीहून कळलेला नाही. तो त्याच्या बांधावरचा शब्द आहे. पूर्वी दोन गावांत शिवेचा तंटा झाला, तर पुराव्याने निकाल न लागल्यास शपथ घेऊन शीव चालून दाखवावी लागे. प्रसंगी दिव्यही करावे लागे. शीव चालणारा त्याच मातीत वाढलेला असे. नकाशावर रेघ ओढून शीव ठरवण्याची रीत नंतरची.

मिरासदार आणि उपरी

पेशवाई बुडाल्यावर माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने नव्याने जिंकलेल्या मुलुखाचा जो अहवाल तयार केला, त्यात आणि पुण्याजवळच्या लोणी गावाचे थॉमस कोट्स याने त्याच सुमारास जे वर्णन लिहिले, त्यात मराठी गावातील शेतकऱ्यांचे दोन वर्ग स्पष्ट दिसतात. एक मिरासदार, ज्याला थळकरी असेही म्हणत, दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्याला विकता येई, गहाण टाकता येई. गावच्या सभेत त्याला मान असे. दुष्काळाने वा सावकाराच्या त्रासाने तो परागंदा झाला, तरी त्याची मिरास लगेच बुडत नसे. दीर्घ काळाने तो किंवा त्याचा वारस परतला आणि आपले नाते सिद्ध करू शकला, तर गाव त्याला त्याची जमीन परत देई. उपरी मात्र कराराने जमीन करणारा, बाहेरून आलेला. तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहिला, तरी उपरीच.

हे नाते सिद्ध कसे होई? त्यासाठी गोतसभा भरे आणि तिचा निर्णय ‘महजर’ म्हणून लिहिला जाई. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठ्यांच्या या न्यायपद्धतीचा जो साक्षेपी अभ्यास केला, तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावा. महजरावर गावच्या पाटलाची नांगराची निशाणी असे, कुलकर्ण्याचे अक्षर असे, बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. ‘हा माणूस आमचा’ हे सांगण्याचा अधिकार एकट्या राजाला नव्हता. तो शेजाऱ्यांना होता. आपलेपणाचा दाखला कचेरीत मिळत नसे, गावाच्या पारावर मिळे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही; तिची दुसरी बाजू पुढे येतेच. परंतु दोन गोष्टी तिच्यातून घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, परागंदा झालेल्याचे घर गाव विसरत नसे. दुसरी अशी की, राहण्याचा काळ कितीही लांबला, तरी शेजाऱ्याने ‘आमचा’ म्हटल्याशिवाय उपरीपण सुटत नसे. आजच्या सीमाभागातील मराठी माणसाचे दुखणे या दोन वाक्यांत सामावते. तो मिरासदार आहे, पण त्याला उपऱ्यासारखे वागावे लागते.

गावकुसाबाहेरचे घर

मात्र हे लिहिताना एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे. ज्या गावाने परागंदा मिरासदाराची जमीन राखून ठेवली, त्याच गावाने आपल्या काही लेकरांना कधीच आत घेतले नाही. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर होते. भाषा तीच, देव तेच, शिवार तेच. पण घर शिवेच्या आत आणि कुसाच्या बाहेर.

वडोदरा हे आपल्या मराठी जगाचे एक अभिमानस्थान. त्याच वडोदऱ्यात १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून उच्च शिक्षण घेऊन संस्थानच्या नोकरीसाठी आले. मराठी राजाच्या शहरात, मराठी मातृभाषेच्या या विद्वानाला राहायला घर मिळेना. नाव बदलून त्यांना एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. दुसरा आसरा न मिळाल्याने ते कामाठी बागेत जाऊन बसले, आणि अखेर त्यांना मुंबईस परतावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे १९३१ साली गांधीजींच्या भेटीत आपल्याला मायभूमी नाही असे उद्गार त्यांनी काढले, त्यामागे हा अनुभव होता.

लक्ष्मण माने यांचे आत्मकथन १९८० साली आले. त्याचे नाव ‘उपरा’. मिरास-उपरीच्या जुन्या दप्तरातला शब्दच एका कैकाडी तरुणाने उचलला आणि मराठी समाजासमोर आरशासारखा धरला. त्याआधी दोन वर्षे दया पवारांचे ‘बलुतं’ आले होते. या पुस्तकांनी आपल्याला शिकवले की, भाषा एक असली म्हणजे घर एक होते असे नाही. सीमाप्रश्नाची बाजू मांडताना आम्ही हे विसरत नाही, कारण जो स्वतःच्या घरात उपरे निर्माण करतो, त्याला दुसऱ्याच्या दारी मिरासदारी मागताना जीभ अडखळते.

माणसांबरोबर हललेली घरे

घर आणि माणूस यांचे नाते दोन तऱ्हांनी तुटते: कधी माणूस हलतो, कधी सीमा हलते. आधी हललेल्या माणसांकडे पाहू.

गोव्यात सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी देव उचलले आणि पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर नेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. आज मंगेशीच्या देवळासमोर उभा राहणारा यात्रेकरू ज्याला देवाचे घर म्हणतो, ते खरे म्हणजे देवाचे दुसरे घर आहे. त्याच गोव्यात १६१६ साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत, रोमन लिपीत छापले गेले. परक्या धर्मोपदेशकालाही लोकांच्या घरात शिरायचे तर मराठीच्या उंबऱ्यावरून शिरावे लागले.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या काळात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला. तमिळ देशातील चोळांच्या मंदिरावर मराठी वंशाची कथा! आम्ही तो लेख पाहिला, तेव्हा प्रथम अभिमान वाटला आणि पाठोपाठ एक प्रश्न पडला: एवढा मोठा मजकूर दगडात का कोरावा लागला? ज्याला आपण इथले आहोत याची खात्री असते, तो भिंतीवर कुळकथा लिहीत नाही. घरापासून दूर गेलेला माणूसच आपली कथा दगडात कोरतो. त्या लेखात वैभव आहे, तितकीच घराची ओढ आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथे मराठी माणूस तलवारीबरोबर गेला आणि तलवार म्यान झाल्यावर लेखणी, वीणा व तबला घेऊन राहिला. अखिल भारतीय साहित्य संमेलनाची यादी काढली, तर मराठीच्या या दुसऱ्या घरांचा नकाशाच उभा राहतो. वडोदऱ्यास १९०९, १९२१ व १९३४ मध्ये, इंदुरास १९१७ व १९३५ मध्ये, हैदराबादेस १९३१ मध्ये, मडगावी १९३० व १९६४ मध्ये, कारवारास १९५१ मध्ये संमेलने भरली. ग्वाल्हेरच्या १९६१च्या संमेलनात कुसुमावती देशपांडे अध्यक्षपदी बसल्या, त्या या पदावरील पहिल्या स्त्री. मराठी वाङ्मयाच्या घरात स्त्रीला पहिल्यांदा यजमानपद मिळाले, ते महाराष्ट्राच्या शिवेबाहेर, हे ग्वाल्हेरकरांनी अभिमानाने सांगावे.

वडोदऱ्याचे आणखी एक उदाहरण वकील या नात्याने आम्हांस महत्त्वाचे वाटते. सयाजीराव तिसरे हे मूळचे नाशिककडच्या कवळाणे गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. १८७५ साली दत्तक येऊन ते गादीवर बसले. राजा मराठी, पण प्रजा बहुतांशी गुजराती. तेव्हा त्यांनी राज्यकारभारात गुजरातीला प्रतिष्ठा दिली. १९३१ साली त्यांच्या राज्यात ‘श्रीसयाजी शासनकल्पतरू’ हा कारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश सिद्ध झाला, त्यात गुजराती, मराठी, संस्कृत अशा भाषांतील पर्याय शेजारी शेजारी ठेवले गेले. आपली भाषा घरात ठेवून शेजाऱ्याची भाषा कचेरीत चालवता येते, हे एका मराठी राजाने करून दाखवले. हे औदार्य आम्ही आज मागतो, ते भीक म्हणून नव्हे. आम्ही ते आधी दिले आहे.

सीमा हलली, घर नव्हे

आता दुसरा प्रकार. बेळगावचा माणूस कुठेही गेला नाही. १८१८ साली पेशव्यांचा अंमल संपून इंग्रजांचा आला, १८३६ साली धारवाडपासून वेगळा काढून बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि तो मुंबई इलाख्यात राहिला. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले ते याच बेळगावात. १९२९ साली शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले ते इथेच. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखालील संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तोही इथेच. ज्या अंगणात संयुक्त महाराष्ट्राचे रोप लावले, ते अंगणच पुढे महाराष्ट्राबाहेर राहिले, यापेक्षा कडू विसंगती मराठी इतिहासात थोड्याच असतील.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व का. मा. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली अहवाल दिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी कायदा अमलात आला आणि चंदगड तालुका वगळून सारा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, बिदर, भालकीकडील मराठी मुलूख म्हैसुरात गेला. चंदगड आणि बेळगाव यांच्यात डोंगर उभा राहिला नाही, नदीने पात्र बदलले नाही. एका कागदाने एका घरातले माहेर आणि सासर दोन राज्यांत पडले.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राने ‘खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या’ या तत्त्वांवर फेररचना मागितली. ही तत्त्वे आंध्र आणि मद्रास यांच्या सीमातंट्यात पाटसकरांनी वापरलीच होती. १९६६ साली न्या. मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, १९६७ साली अहवाल आला. महाराष्ट्राने ८१४ गावे व बेळगाव शहर मागितले होते. आयोगाने २६४ गावे महाराष्ट्रास आणि महाराष्ट्रातील २४७ गावे म्हैसुरास द्यावीत असे सुचवले आणि बेळगाव शहर म्हैसुरातच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने संविधानाच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. ज्यांनी १९५६ साली पाटी-दप्तर घेऊन मराठी शाळेत पाऊल टाकले, ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत.

कानडी कानडा, मराठी माती

येथवर वाचून कोणास वाटेल की आमचे भांडण कानडीशी आहे. ते तसे नाही, आणि याचा पुरावा आमच्या घरातच आहे. ‘अण्णा’, ‘अक्का’, ‘अप्पा’ हे शब्द मराठी घरात कुठून आले? कानडीतून. तुपाला आपण ‘तूप’ म्हणतो तोही शब्द तिकडचाच. बाजारातले शब्द उसने घेता येतात. नात्याचे शब्द उसने येत नाहीत, ते सोयरीक होऊनच येतात. ज्या विठ्ठलाच्या दारी आपण माहेर शोधले, त्याला ज्ञानदेवांनीच कानडा म्हटले. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना कानडी व तेलंगी देशांत जाऊ नये, महाराष्ट्रात राहावे असे सांगितले खरे. पण त्यांचाच पंथ पुढे पंजाब आणि काबूलपर्यंत गेला. घराची शीव आखणारेच शीव ओलांडून गेले, हा आपल्या इतिहासाचा स्वभाव आहे.

धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलली जाई. ते कानडीचे युगप्रवर्तक कवी झाले, ज्ञानपीठाचे मानकरी ठरले, आणि ‘अंबिकातनयदत्त’ या टोपणनावात त्यांनी आपल्या आईचे नाव गोवले. १९५६ पर्यंत बारा वर्षे ते सोलापूरला प्राध्यापक होते. उलट बेळगावजवळच्या सुळेभावीत कानडी घरात जन्मलेले शिवपुत्र कोमकळी ‘कुमार गंधर्व’ झाले, देवासला राहिले आणि मराठी रसिकांच्या घराघरांत पोहोचले. त्यांना ‘तुम्ही कुठले’ असे विचारण्याची छाती कोणाची आहे?

इंदिरा संत यांनी बेळगावात राहून मराठी कवितेला तिचा हळवा, संयत स्वर दिला. जी. ए. कुलकर्णी बेळगावात वाढले आणि धारवाडात अध्यापन करीत राहिले. मराठी कथेतील सर्वांत एकाकी माणसे त्यांनी कानडी मुलखात बसून लिहिली. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर आपल्या घरचाच मुलगा. आई-वडिलांपासून दूर, आजीच्या घरी राहणाऱ्या या पोराच्या कथांच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘वनवास’. त्याच्या मराठीत कानडीचा हेल आहे, वाक्याची ठेवण तिकडची आहे. ती मराठी पुण्यामुंबईच्या वाचकाला गोड वाटते. पण आम्ही ती वाचतो तेव्हा आम्हांला ती केवळ गोड वाटत नाही, ती आमच्या स्वयंपाकघरातून ऐकू येते. लंपनला दोन घरे आहेत आणि एकही पुरते नाही. आजीच्या घरी माया आहे, पण आईची आठवण जात नाही. सीमाभागाची कथा याहून नेमकी कोणी लिहिली असेल असे आम्हांस वाटत नाही, आणि गंमत अशी की त्या कथांत सीमाप्रश्नाचा उच्चारही नाही.

कायद्यातले घर

आता आमच्या धंद्याकडे वळू. १९२५च्या भारतीय वारसा कायद्यात ‘अधिवास’ ही कल्पना आहे. जन्माने मिळालेला मूळ अधिवास नवा अधिवास संपादन करेपर्यंत कायम राहतो, असे कलम ९ सांगते. आणि नवा अधिवास मिळवायचा तर दुसरीकडे स्थिर वास्तव्य करावे लागते. ही एका परीने मिरास आणि उपरी यांचीच आधुनिक मांडणी. फरक एवढाच की, कायद्यात उपऱ्याला मिरासदार होता येते.

राज्याराज्यांत अधिवास वेगळा असतो काय? १९५५ साली इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील फीच्या प्रकरणात, जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या खटल्यात, मध्य भारताच्या रहिवाशांना सवलत आणि बाहेरच्यांना जादा फी हा भेद सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने वैध ठरवला. परंतु १९८४ साली प्रदीप जैन प्रकरणात न्या. भगवती यांनी स्पष्ट केले की, या देशात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास ही कल्पनाच चुकीची. कायद्याच्या दृष्टीने बेळगावचा मराठी, इंदूरचा मराठी आणि सोलापूरचा कानडी हे सारे एकाच घरातले. मग घरातल्या एका खोलीत त्याची भाषा बंद का पडावी?

संविधानाची कलमे ३५० अ आणि ३५० ब सातव्या घटनादुरुस्तीने आली. पहिले प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींबद्दल, दुसरे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याबद्दल. ती अमलात आली तो दिवस १ नोव्हेंबर १९५६. ज्या दिवशी सीमा हलली, त्याच दिवशी सीमेत अडकलेल्यांच्या भाषेला संविधानाने शब्द दिला. सीमाभाग तो दिवस काळा दिन म्हणून पाळतो, ते योग्यच. पण त्याच तारखेला मिळालेला हा शब्दही आपण दरवर्षी मोठ्याने वाचला पाहिजे. ३५० अ मध्ये ‘प्रयत्न करील’ अशी मऊ भाषा आहे हे खरे. परंतु मऊ भाषेचाही पाठपुरावा करणारा असेल, तर ती कठीण होते. गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क कलम ३५० देते. तो हक्क किती जण वापरतात?

२०१४ साली कर्नाटकाच्या शाळांविषयीच्या प्रकरणात घटनापीठाने सांगितले की, मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकार पालकांचा. राज्य ती लादू शकत नाही. म्हणजे मातृभाषा सरकारच्या दप्तरात ठरत नाही, घरात ठरते. हा निकाल आपल्या बाजूचा आहे, पण तो दुधारी आहे. त्याच स्वातंत्र्याने आपण मुलांना इंग्रजी शाळेत घालतो आणि गावच्या मराठी शाळेचे वर्ग रिकामे होतात. त्याचा दोष कोणत्या सरकारला द्यावा? आणि २००४ साली उषाबेन मेहता प्रकरणात महाराष्ट्रातील गुजराती भाषकांच्या शाळांत मराठी सक्तीची करणे वैध ठरले, हेही विसरू नये. मुंबईत जे आपल्याला न्याय्य वाटते, ते बेळगावात अन्याय वाटू नये. राज्याची भाषा शिकणे हा शेजारधर्म आहे. आपली भाषा राखणे हा घरधर्म. आम्ही दोन्ही पाळतो. दुसऱ्याला मनाई करून पहिल्याची सक्ती झाली, की मात्र आम्ही उभे राहतो.

म्हातारबाबांना दिलेले उत्तर

त्या दिवशी आम्ही म्हातारबाबांना खुर्चीवर बसवले आणि मोडी कागद त्यांना वाचून दाखवला. त्यांच्या पणजोबांचे नाव आले, तेव्हा त्यांनी कागदाला हात लावून नमस्कार केला. मग कानडी उतारा वाचला. त्यात त्यांचे स्वतःचे नाव होते. दोन्ही कागदांत घराच्या चार बाजू त्याच आहेत हे त्यांना बोटाने दाखवले. “बाबा,” आम्ही म्हणालो, “तुमचं घर हललेलं नाही. कागदाची भाषा हलली आहे. तुम्ही या घरात मिरासदारच आहात. पण हे पुढच्या पिढीला सांगायचं असेल, तर तिला तिन्ही कागद वाचता आले पाहिजेत.”

म्हातारबाबांनी नातवाकडे पाहिले. तो मुलगा महाविद्यालयात शिकतो. कानडी त्याला येते, मराठी बोलतो, मोडी म्हणजे काय हे त्याने त्या दिवशी प्रथम ऐकले. त्याने आम्हांला विचारले, “मोडी शिकायला किती दिवस लागतात?”

वाचकहो, सर्वोच्च न्यायालयातील दाव्याचा निकाल कधी लागेल हे आपल्या हातात नाही. पण तुमच्या माळ्यावरच्या पेटीत असे कागद असतील, तर ते उंदीर-वाळवीच्या हवाली करू नका. ते काढा, उन्हे द्या, जाणकाराकडून वाचून घ्या आणि घरातल्या मुलाला शेजारी बसवून ऐकवा. महजरावर निशाणी करणारे शेजारी आज उरले नाहीत. आपली साक्ष आपल्यालाच द्यायची आहे, आणि ती वाचू शकेल असा वारस तयार करायचा आहे. त्या मुलाला आम्ही पुढच्या रविवारी कचेरीत बोलावले. तो आला, सोबत आणखी दोघांना घेऊन.